‘हलू नका’ आणि खंड्या

माझ्या भाऊजींनी आयुष्यभर माणसांना दगडासारखं बसवायचं काम केलं. चौकातला फोटो स्टुडिओ त्यांचा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की भाऊजी दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करणार, खांदे सरळ करणार, कॅमेऱ्यामागे जाऊन ‘हलू नका!’ असं ओरडणार आणि मग बटण दाबणार. ओरडणं आणि दाबणं त्यांच्या अंगात एकाच तारेने जोडलेलं आहे. त्यांच्या फोटोत नवरदेवसुद्धा जामिनाची वाट बघत असल्यासारखे दिसतात. माझाही तसा एक आहे. आमची ही तो मुलांना अभ्यासाला बसवायला वापरते.

अशा माणसाला यंदा पावसाळा सरता सरता पक्ष्यांचं वेड लागलं. रविवारी ताईबरोबर तळ्यावर फिरायला गेले, तिथे वाळक्या फांदीवर एक खंड्या बसला होता. पाठ निळी, पोट नारिंगी, चोच शरीराला न परवडणारी. भाऊजी विरघळलेच. घरी येऊन गप्प बसावं की नाही? त्यांनी दुकानाच्या काचेतला, उन्हाने पिवळा पडलेला नवरदेव काढला, चौकट रिकामी ठेवली आणि सगळ्या गल्लीला सांगितलं, “पानं गळायच्या आत इथे माझा खंड्या लागणार!”

थंडी पडली की खंड्या तळं सोडून जातो, हे त्यांना माहीत होतं. आपल्याला तोंड आहे, हे मात्र विसरले.

पुढच्या रविवारी खंड्या फांदीवर आला. भाऊजींनी नेम धरला आणि सवयीने ओरडले, “हलू नका!” खंड्याला कुठे पासपोर्ट काढायचा होता? भुर्रकन गेला. बटण दाबेपर्यंत समोर नुसती फांदी. त्यानंतरच्या रविवारी बदकं गेली, मग एक खार गेली, आणि खंड्या तर दर वेळी जात राहिला. त्याच फांदीचे फोटो तेवढे साठले. आधी मागची झाडं हिरवी, मग पिवळी, मग तांबडी.

ताईने ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि म्हणाली, “अहो, फांदी मात्र सुरेख आलीय. अजिबात हललेली नाही.”

गल्लीनेही हात धुऊन घेतले. न्हावी रोज विचारायचा, “काका, चौकटीतला उडाला वाटतं?” बेकरीवाल्या बाई म्हणायच्या, “हवा काय स्वच्छ आलीय हो फोटोत!” भाऊजी हसून साजरं करायचे, पण दुकान उघडताना काचेकडे बघेनासे झाले. एकदा मला हळूच म्हणाले, “बोलून बसलो रे. आता नवरदेव परत लावला तर तोही हसेल मला.” आणि तो तर मूळ फोटोतही हसला नव्हता!

शेवटी तो रविवार उजाडला. पानं संपत आली होती, तोंडातून वाफ निघत होती. आज नाही तर यंदा नाही. कॅमेऱ्याचा स्टँड उचलायला मला नेलं होतं. मेहुण्याचा तेवढाच उपयोग. आम्ही झुडपाआड बसलो. ताईने पिशवीतून पाव काढला.

“आ करा.”

“अगं, भूक नाहीये मला.”

“भुकेसाठी नाही, तोंडासाठी आहे. चावायचा नाही, गिळायचा नाही. बटण दाबलं की मग काय ते करा.”

अख्खा पाव आत गेला. भाऊजींचे गाल फुगले. आणि खंड्या आला. फांदीवर बसला, मान वळवून सरळ आमच्याकडे बघू लागला. हनुवटीसुद्धा आपणहून वर! भाऊजींचं बोट बटणावर गेलं. तळ्यावर सगळं चिडीचूप.

तेवढ्यात ताई कडाडली, “हलू नका!”

लग्न झाल्यापासून ती त्याच दुकानात फोटो कापत बसते. किती वेळा ऐकलं असेल!

पहिल्या अक्षरालाच भाऊजींचं बोट दचकलं आणि बटण दाबलं गेलं. खंड्या उडाला, पाव उडाला, आणि भाऊजींना वाचा फुटली. “अगं, तू?”

“तुम्ही बोलला नाहीत ना! मग कुणीतरी बोलायला नको का?” असं म्हणून ताईने तोंडावर हात घेतला, पण हसू बोटांतून गळतच होतं. मग भाऊजीही सुटले. मी तर स्टँडसकट आडवा झालो. त्या दिवशी तळ्यावरचा उरलासुरला पक्षीही आम्हीच घालवला.

घरी येऊन फोटो बघितला. फांदी होती. तिच्यापासून वीतभर वर, पंख पुरते उघडलेला, निळा लखलखीत खंड्या! शेजारून एक तांबडं पान खाली येत होतं. पंखाचं टोक तेवढं पुसट होतं. भाऊजींनी त्या टोकावर बोट ठेवलं.

“हललाय गं,” ते म्हणाले.

“अहो, पक्षी आहे तो. हलणारच.”

सोमवारी खंड्या काचेत लागला. न्हावी गिऱ्हाईकाच्या गालाला साबण तसाच ठेवून बघायला आला. बेकरीवाल्या बाईंनी ताज्या पावाची पिशवी पाठवली, ‘पुढच्या फोटोसाठी’ म्हणून. भाऊजी दिवसभर काचेसमोरूनच ये-जा करत होते.

संध्याकाळी एक कॉलेजची मुलगी ओळखपत्राचा फोटो काढायला आली. काचेतला पक्षी बघून स्टुलावर बसता बसता म्हणाली, “काका, जरा हललं तर चालेल ना?”

भाऊजींनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. “उडता येतं?”

“नाही.”

“मग हलू नका!”