विचारायचं राहून गेलं तो दिवस

परभणीतल्या हाडांच्या एका डॉक्टरांकडे मी मदतनीस होते. एक्स-रेच्या खोलीत बायकांना न्यायचं, दागिने-पिना काढून ठेवायच्या, टेबलावर नीट निजवायचं. पण सगळ्यात आधी, सासूला बाहेर बसवून, हळूच विचारायचं, "पाळी चुकली नाही ना?" पोटात लेकरू असेल तर त्याला ते किरण बाधतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, तो उठला. एसट्या सुरू झाल्या आणि दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या गर्दीत चारठाण्याकडची एक सून आली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. चाऱ्याचा भारा घेऊन पडली होती. कमरेचा फोटो काढायचा होता.

"लगीन होऊन लय वर्सं झाली, कूस उजवंना, आन् आता कंबर बी मोडून घेतली," सासू सांगायला लागली.

"कंबर तुमच्यासारखी टणक करून देऊ, मावशी," मी म्हटलं. दोघी हसलो. त्या हसण्याच्या नादात मी सुनेला आत नेलं, निजवलं, बाहेर आले. विचारायचंच राहिलं.

फोटो काढणारे भाऊ बटणाला हात लावणार, तेवढ्यात लाइट गेली.

तिला धीर द्यावा म्हणून आत गेले, तर दारातून येणाऱ्या उजेडात ती उठून बसलेली दिसली. भिंतीचा पोपडा नखानं खरवडून तोंडात टाकायली होती.

"काय खायलीस गं?"

"माती, आक्का. लय खावीशी वाटायलीय."

मी तिला हात धरून टेबलावरून खाली उतरवलं. "पाळी कधी आलती?"

"दोन म्हैने झाले. आत्याबाईला सांगू नगा. मागं सांगितलं तर गावभर गूळ वाटला, आन् आठ दिसांनी पाळी आली."

फोटो काढलाच नाही. डॉक्टरांनी तपासलं, दिवस गेलेलेच होते. "विचारणारं माणूस असं पाहिजे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. सासूनं माझे दोन्ही हात धरले. "तू इचारलंस म्हून, बाई." मी नुसती मान हलवली.

पुढं ती सासू काजळ माखलेला नातू घेऊन आली आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर ठेवला. त्यानं माझं लुगडं भिजवलं. सगळे हसले, मीही पोट धरून हसले. पेढा खाल्ला. लाइट गेली नसती तर काय झालं असतं, हे मात्र तेव्हा बोलले नाही, नंतरही कुणाला नाही. आज लिहितेय.

त्या दिवसापासून एकही बाई न विचारता आत सोडली नाही. जिंतूरची एक पांढऱ्या केसांची आजी गुडघ्याच्या फोटोला आली, तिलाही विचारलं.

"सत्तरीची हाय मी. म्हाताऱ्यानं ऐकलं तर खूश हुईल की गं."

"तरी सांगा, आजी."

"न्हाई बाई, न्हाई चुकली," ती म्हणाली आणि माझा हात धरून हसत हसत टेबलावर चढली.