उपग्रहाला पौष नसतो

धाकट्या बहिणीला कारंजा (घाडगे) भागातलं स्थळ आलं तेव्हा मी वर्ध्यातल्याच एका संस्थेत नकाशे करायचो. दोन हजारच्या दशकाची अखेर होती. उपग्रहाने काढलेली चित्रं नुकतीच सगळ्यांना फुकट मिळायला लागली होती, ती उघडायचं सॉफ्टवेअरही फुकट होतं, आणि पगाराकडे पाहता मीही जवळपास त्याच वर्गात मोडत होतो.

माझं काम पिकांची तब्येत बघण्याचं होतं, तेही शेतात न जाता. हिरवं पान तांबडा प्रकाश खाऊन टाकतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश परत फेकतं. दोन्ही प्रकाश किती परत आले त्या आकड्यांची वजाबाकी करायची आणि तिला त्यांच्याच बेरजेने भागायचं. उत्तर मोठं आलं तर पानं भरपूर आणि टवटवीत, लहान आलं तर विरळ नाहीतर सुकलेली. मग मोठ्या आकड्यांना हिरवा रंग द्यायचा, लहानांना लाल. रंग ज्याचे त्याने ठरवायचे असतात. मी जांभळा दिला असता तरी मला कुणी अडवलं नसतं.

मुलगा मार्गशीर्षात येऊन बहिणीला पाहून गेला होता. त्यांच्याकडून होकार होता. आईने बहिणीला विचारलं तेव्हा ती ‘ठीक आहे’ म्हणाली. एरवी ती कुठल्याच गोष्टीला ठीक म्हणत नसे, म्हणून आई आणि मी काय ते समजलो. आता आमच्याकडच्यांनी त्यांचं घर पाहून यायचं तेवढं राहिलं होतं, आणि नेमका पौष लागला. पौषात सोयरिकीसाठी कुणाच्या दारात जायचं नाही, असा मोठेबाबांचा नेम. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरातले निर्णय तेच घेत. त्यांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे कुठलाही माल उजेडात धरून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

‘पौषात आपल्याले जाता येत नाई,’ ते एका सकाळी म्हणाले. ‘पण तुह्या उपग्रहाले पौष लागते का?’

पंचांगात तशी काही सोय नव्हती. मुलाच्या वडिलांनी हिरवागार संत्र्याचा बगीचा असल्याचं सांगितलं होतं आणि महामार्गापासून आत, नाल्याच्या वळणावर, असा पत्ताही दिला होता. मोठेबाबांनी तो तोंडपाठ केला होता. मी घरच्या संगणकावर ताजं चित्र उतरवायला लावलं. त्यात अख्खी दुपार गेली. संध्याकाळी मोठेबाबा चष्मा पुसून माझ्या शेजारी बसले, तर पडद्यावर नुसते रंगीत चौकोन.

‘झाडं कुठी आहेत?’

मी सांगितलं की एकेका चौकोनात कितीतरी झाडं मावतात. त्या उपग्रहाचा एक भाग बिघडलेला होता, त्यामुळे चित्रावर काळे पट्टे यायचे. मुलाचं घर नेमकं एका पट्ट्याखाली गेलं होतं. मोठेबाबांना हा शकुन आवडला नाही. बगीचा मात्र दिसत होता. आजूबाजूचा गहू हिरवागार, आणि मधोमध बगीचा लालसर.

‘हा रंग पक्का आहे?’ त्यांनी दुकानातल्या आवाजात विचारलं.

मी म्हणालो, आकडा पानं कमी आहेत एवढंच सांगतो, का कमी आहेत ते सांगत नाही. पण लाल रंग एकदा डोळ्यात भरला की माझ्यासारख्याचं कोण ऐकतो? बगीचा वाळलेला आहे, माणसं खोटारडी आहेत, उद्या नकार कळवतो, असं सांगून ते उठलेसुद्धा. दारात उभ्या असलेल्या बहिणीचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या शिक्षणाचा राग आला.

ती आत आली. भांडली नाही, रडली नाही. मला म्हणाली, ‘आता आपलं घर दाखव.’

मी चित्र वर्ध्यावर आणलं. शहरात छपरं आणि रस्ते, पानं ती किती असणार? आमची गल्ली, मोठेबाबांचं दुकान, सगळी बाजारपेठ लालभडक, त्या बगीच्यापेक्षाही लाल.

‘हे आपलं?’ मोठेबाबांनी विचारलं.

‘हो,’ बहीण म्हणाली. ‘त्यायच्याकडे असा नकाशे काढणारा कोणी पोरगा असता, तं त्यायनंही नकारच कळवला असता.’

मोठेबाबांनी चष्मा काढला, पुन्हा पुसला, पुन्हा लावला. लाल ते लालच राहिलं. ‘पौष सरू दे,’ ते म्हणाले. ‘जाऊन पाहू.’

माघात आम्ही गेलो. गाडीतून उतरलो तोच वास आला. बगीचा पांढऱ्या फुलांनी भरून गेला होता आणि फांद्यांवर कोवळी पालवी होती. मुलाच्या वडिलांनी आम्हाला सगळ्या ओळींतून फिरवलं. आंबिया बहार धरायचा म्हणून हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडलं होतं, ते सांगत होते. पानं सुकतात, थोडी गळतात, मग ओलित केलं की फुलं येतात. ‘पौषात आले असते तं बगीचा पाहून पयून गेले असते तुम्ही,’ ते हसत म्हणाले. मोठेबाबांना त्या वेळी मोठा ठसका लागला. मग त्यांनी तिथेच होकार दिला, आणि मला परत येताना गाडीत विचारलं, ‘तुह्या मशीननं हे काऊन नाई सांगतलं?’

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. पुढे उपग्रह बदलले, काळे पट्टे गेले, चित्रं स्वच्छ यायला लागली. मी अजूनही दर हिवाळ्यात एकदा पडद्यावर त्या नाल्याच्या वळणावर जातो. हाफिसातल्यांना वाटतं, माझा संत्र्याचा अभ्यास चालू आहे. बगीचा लालसर असतो, आणि त्याच्या कडेला, आता पट्ट्याबाहेर आलेल्या एका चौकोनात, माझी बहीण राहते. मी त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत बसतो. तिची आठवण येते. मग फोन लावतो आणि कशी आहेस म्हणून विचारतो.

‘वरून दिसत नाई का तुले?’ ती म्हणते.

‘नाई दिसत,’ मी म्हणतो. मग ती सांगायला लागते.