कोऱ्या बशीतले लाल तंतू

नागोरावांनी समुद्र कधी पाहिला नाही. समुद्राची वाळू मात्र त्यांच्याइतकी बारकाईने पुण्यात कुणी पाहिली नसेल. मूळचे परभणीकडचे, राहायला हडपसरला, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. विद्यार्थिनी कोकणातून बरण्या भरभरून वाळू आणत, नागोराव ती मिठाच्या दाट पाण्यात ढवळत. वाळू तळाशी बसते, प्लॅस्टिक वर येतं. ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. त्यांची नजर अशी, की मोजदाद मी त्यांच्यावरच सोपवली. तीन वर्षं मोजलं. सर्वांत जास्त निघाले लाल तंतू. शोधनिबंध छापायला जायचा होता आणि त्यावर नागोरावांचंही नाव होतं. हे त्यांनी हडपसरच्या भाजीवालीलासुद्धा सांगून ठेवलं होतं.

मोजताना शेजारी एक कोरी बशी उघडी ठेवायची असते. तिच्यात काही पडलं तर ते समुद्राचं नव्हे, खोलीतलं. हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं आणि नंतर कधी बघायला गेले नाही. चूक माझी. अगदी शेवटी उत्कर्षा नावाची नवी विद्यार्थिनी आली, तिने विचारलं, बशीवर झाकण कशाला? नागोराव म्हणाले, उघडी ठेवली की धूळ बसते ना. ताकाचं भांडं झाकावं तशी त्यांनी ती बशी तीन वर्षं रोज घासून, पुसून, झाकून ठेवली होती.

झाकण काढलं. संध्याकाळी बशीत पाच लाल तंतू.

पडदे तपासले, रुमाल तपासले, माझी साडीही तपासातून सुटली नाही. मग उत्कर्षाचं लक्ष नागोरावांच्या मनगटाकडे गेलं. देवीचा लाल दोरा. ऑपरेशनआधी नर्सने काढायला लावला, म्हणून त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, आपल्या हातचा सोडून यांच्या हाती बांधला होता. त्या परत आल्या नाहीत. दोरा सुताचा म्हणून विकलेला, निघाला नायलॉनचा.

मी कात्री पुढे केली. त्यांनी घेतली नाही. गाठ नखाने सोडवत बसले, अर्धा तास. मग दोरा स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"हेच हाय," म्हणाले. "तीन वर्षं मी हिलाच मोजत होतो, मॅडम."

लाल वगळून निबंध पाठवू, असं उत्कर्षा म्हणाली. पण बशीच झाकलेली, तर बाकीच्या रंगांची तरी खात्री कशी देणार? मी निबंध थांबवला. नागोरावांच्या निवृत्तीला चार महिने होते. त्यांनी बरण्यांत राखून ठेवलेली वाळू पुन्हा मोजायला घेतली. सुती सदरा, मोकळं मनगट, बशी उघडी. लाल जवळजवळ संपले. निळे, पांढरे होते तेवढेच राहिले. ते समुद्राचेच होते. एक तृतीयांश बरण्या झाल्या आणि चार महिने संपले.

उतरवलेला दोरा वाहत्या पाण्यात सोडायचा असतो. शेवटच्या दिवशी त्यांनी तो खिशातून काढून मला विचारलं, कुठं सोडू? मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला. हे त्यांना नकाशावर मीच दाखवलं होतं.

मग त्यांनी वाळूची एक रिकामी बरणी मागून घेतली, दोरा आत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.