शरयूताईंसाठी वाळूवरचं मैदान

एकनाथराव उमरेडकरांनी आयुष्यात गोल्फचा चेंडू कधी मारला नव्हता आणि मारायची हौसही नव्हती. एवढी मोठी जमीन, तिच्यावर ना ज्वारी ना कपाशी, आणि चार माणसं काठ्या घेऊन हिंडतात, हे त्यांच्या नागपुरी डोक्याला पटत नसे. त्यांची सगळी नोकरी जमिनीतच गेली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत एकतीस वर्षं ते माती तपासत होते. रस्ता असो, पूल असो, शाळा असो, आधी उमरेडकरांनी जाऊन भोक पाडायचं, माती चोळून बघायची आणि मग सांगायचं, बांधा किंवा बांधू नका. रिटायर झाले तरी कुठंही गेले की बुटाच्या टाचेनं जमीन दाबून बघायची सवय काही सुटली नव्हती.

गोल्फ खेळायच्या त्या शरयूताई, त्यांच्या पत्नी. वूस्टरच्या एका विमा कंपनीत त्या कामाला होत्या. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ऑफिसच्या पिकनिकला कुणीतरी त्यांच्या हातात काठी दिली. पहिलाच चेंडू सरळ जाऊन पडला, आणि पुण्याच्या शाळेत लंगडीसुद्धा धड न खेळलेल्या ह्या बाईंना गोल्फचं वेड लागलं. श्रूजबरीतल्या घरापासून दहा मिनिटांवर गोल्फचं मैदान, म्हणजे कोर्स होता. तिथं आठवड्यातून तीनदा जाणं सुरू झालं. एकनाथराव गाडीत बसून पेपर वाचायचे.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पार्किन्सन्सचं निदान केलं. हात थरथरायचा, त्याचं शरयूताईंना फारसं काही वाटत नव्हतं. त्रास होता तो पायांचा. स्वयंपाकघराच्या दारात आल्या की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मनात पुढं जायचं असायचं, पण पाऊल उचलायचंच नाही. कधीकधी मिनिटभर तशाच उभ्या. नवल असं की मोकळ्या गवतावर हा प्रकार जवळजवळ होतच नसे. तीन चाकांची छोटी गाडी, तिच्यावर काठ्यांची पिशवी, आणि ती ढकलत ढकलत त्या नऊच्या नऊ होल, म्हणजे अख्खं मैदान, चालून यायच्या. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं, “अरुंद जागी पाय अडतात, मोकळ्यावर अडत नाहीत. जोवर मोकळ्यावर चालताय तोवर चालत राहा.”

पण श्रूजबरीचा हिवाळा कुणाचं ऐकतो? नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग झालं की कोर्सला कुलूप, ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. आदल्या हिवाळ्यात ते साडेचार महिने शरयूताईंनी घरात काढले. मॉलमध्ये चालून पाहिलं, तर गर्दीत बिचकायच्या. ट्रेडमिलची धास्ती वाटायची. मार्चमध्ये बाथरूमच्या दारात पडल्या. हाड मोडलं नाही एवढंच. एप्रिलमध्ये कोर्स उघडला तेव्हा चौथ्या होलपाशीच बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, बसून जायची गाडी इकडं आणता येते का विचारा.”

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून मुलीचा, हिमानीचा फोन यायचा तो फ्लोरिडाचा धोशा घेऊनच. “बाबा, जस्ट मूव्ह! तिकडे बाराही महिने ओपन असतं. आईसाठी बेस्ट आहे.”

“मला माझं घर सोडायचं नाही,” शरयूताई पाठीमागून म्हणायच्या. “फ्लोरिडात माझं कोण आहे?”

ऑक्टोबर आला. झाडं लाल झाली. एका सकाळी चहा पिताना शरयूताईंनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, “अहो, हिवाळ्यात बंद होत नाही असा एखादा कोर्स इथं जवळपास कुठंच नसेल का?”

त्या सहज बोलल्या होत्या. पण एकनाथरावांच्या डोक्यात भुंगा शिरला. दुपारपर्यंत त्यांनी सात ठिकाणी फोन केले. त्यातल्या पाच जणांनी छातीठोक सांगितलं, “आमचा कोर्स वर्षभर चालू असतो.” एकतीस वर्षं कंत्राटदारांशी गाठ पडलेल्या माणसाचा असल्या उत्तरांवर विश्वास बसतो थोडाच? त्यांनी तळघरातून जुना लांब स्क्रूड्रायव्हर काढला, पाण्याची बाटली घेतली आणि ठरवलं की जायचं ते मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. उन्हात सगळीच जमीन चांगली दिसते.

पहिला कोर्स राजवाड्यासारखा होता. क्लबहाउसमध्ये शेकोटी, भिंतीवर चषक. एकनाथराव चार पावलं गवतावर गेले आणि बूट पचकन आत गेला. त्यांनी चिमूटभर माती घेतली, पाणी लावलं आणि तळहातांत वळली. लांबलचक शेवई वळली गेली, तुटेना. चिकणमाती! हिवाळ्यात हिचा वरचा थर दुपारी वितळणार, खाली मात्र गोठलेलंच राहणार आणि पाण्याला जायला वाट नाही. शरयूच्या गाडीची चाकं रुतणार. दुसऱ्या ठिकाणी जमीन बरी होती, पण दक्षिणेला उंच झाडांची भिंत. म्हणजे जानेवारीत ऊन नाहीच. तिसरा टेकडीच्या उतारावर. चौथ्याकडं तर ते गाडीतून उतरलेच नाहीत.

“मिळालं का काही?” शरयूताई रोज विचारायच्या.

“मिळेल,” एकनाथराव म्हणायचे आणि बूट धुवायला जायचे.

नोव्हेंबरात एकदा ते समुद्राच्या बाजूला, दक्षिणेला सव्वा तास गाडी चालवत गेले. हा सगळा क्रॅनबेरीच्या मळ्यांचा मुलूख. त्यातच नऊ होलचा एक साधासा कोर्स होता. क्लबहाउस कसलं, पत्र्याच्या छपराची खोली. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता, आणि इथं गवत जवळजवळ कोरडं. एकनाथरावांनी गुडघे टेकले आणि स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत सरसर आत गेला. त्यांना इतका आनंद झाला की दहा पावलांवर जाऊन त्यांनी परत खुपसला. आणि परत.

“सर, माझ्या गवताचं काय चुकलं?”

मागं एक उंच, सावळा, पासष्टीचा माणूस उभा होता. मॅनी बॅरोस, ह्या मैदानाची निगा राखणारा. त्याचे आजोबा आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डी बेटांवरून इथं क्रॅनबेरी तोडायला आले होते.

एकनाथराव ओशाळून उठले. “मी जरा माती बघतोय.”

“खेळायला आला नाहीत?”

“मी खेळत नाही. बायको खेळते.” आणि मग परक्या माणसाला सांगू नये एवढं सगळं त्यांनी सांगून टाकलं. दारात चिकटणारे पाय, आदला हिवाळा, बाथरूममधलं पडणं.

मॅनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वर्षभर उघडं असतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही एकोणीस दिवस बंद होतो. सहावा नि सातवा होल पाइनच्या सावलीत आहेत. फेब्रुवारीत ते नाहीतच असं समजायचं. आणि कडक थंडीत भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर मी कुणाला पाय ठेवू देत नाही. अलीकडंच एक भोक पाडून तात्पुरतं निशाण लावतो. चालेल?”

“आणि खाली काय आहे?”

“वाळू,” मॅनी हसला. “खणत जाल तितकी वाळू.”

फक्त चांगलंच न सांगणारा माणूस एकनाथरावांना फार दिवसांनी भेटला होता. घरी येऊन त्यांनी दारातूनच जाहीर केलं, “शरयू, सापडलं बाप्पा!”

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी दोघं निघाले. श्रूजबरीत घराबाहेर घोटाभर बर्फ होता. तिकडं नुसतं पिवळं पडलेलं गवत आणि स्वच्छ ऊन. पण शरयूताईंचा चेहरा काही खुलला नाही. “हे तर माळरान आहे,” त्या म्हणाल्या. तरी नारिंगी चेंडू काढला, पहिला होल खेळल्या, दुसरा खेळल्या. तिसऱ्याला गाल लाल झाले होते आणि त्या गुणगुणत होत्या. एकनाथराव मागून बघत होते, आणि त्यांना एखादा पूल सुखरूप उभा राहिल्यावर वाटायचं तसं वाटत होतं.

चौथ्या होलनंतर एक चर होता, मळ्यांना पाणी नेणारा. त्यावर लाकडी साकव. अरुंद, दोन्ही बाजूंना कठडे.

शरयूताई साकवाच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या.

पाय उचलेना. पुन्हा प्रयत्न केला. गाडी पुढं, अंग पुढं, पाय मागंच. एकनाथराव धावले, दंड धरला. “चल, मी आहे.”

“ओढू नका!” त्या ओरडल्या. “ओढलं की मी पडते, माहीत आहे ना?”

मागून दोन माणसं खेळत येत होती, ती अदबीनं लांब उभी राहिली. त्याचा शरयूताईंना आणखीच त्रास झाला. डोळ्यांत पाणी आलं. “सगळी जमीन तपासलीत, वीस ठिकाणी भोकं पाडलीत. आणि मी इथून चालणार आहे हे तेवढं विसरलात!”

खरंच होतं ते. नोव्हेंबरात ह्या साकवावरून एकनाथराव स्वतः चारदा गेले होते, आणि दर वेळी खाली पाण्याचा निचरा बघत. चर लांबलचक होता, वळसा घालून जायलाही वाट नव्हती.

गलका ऐकून मॅनी आपल्या छोट्या गाडीतून आला. काय झालं ते एकनाथराव सांगू लागले, तर शरयूताईंनी त्यांना हातानं गप्प केलं. डोळे पुसले आणि मॅनीकडं बघून इंग्लिशमध्येच विचारलं, “तुम्ही गवतावर रेघा मारता तो रंग आहे का?”

“आहे. पांढरा.”

“घरी माझ्या फिजिओनं स्वयंपाकघरात जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्यात. पट्टी दिसली की ती ओलांडायला माझा पाय उठतो. का उठतो ते मला माहीत नाही. तुमच्या साकवावर रेघा मारल्या तर चालतील?”

मॅनीनं क्षणभर डोकं खाजवलं आणि रंगाचा डबा आणला. शरयूताई काठावरून सांगू लागल्या. “एवढ्या जवळ नको. माझं पाऊल केवढं आहे बघा.” शेवटी मॅनी एका फळीवर, एकनाथराव दुसरीवर, आणि ती लांब उभी असलेली दोन माणसंही येऊन वाकून बघू लागली. त्यातला एक म्हणाला, “जरा तिरकी झाली.” रंग वाळायला दहा मिनिटं सगळे वाऱ्यात कुडकुडत थांबले.

मग शरयूताईंनी पहिल्या रेघेवर नजर रोवली. एक श्वास. पाय उठला. रेघ ओलांडली. दुसरी, तिसरी. साकवाच्या पलीकडं पोचल्यावर मागं न बघता त्या म्हणाल्या, “अहो, माझा चेंडू आणा.”

त्या हिवाळ्यात मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. सकाळी गवतावर दव गोठलेलं असायचं, आणि तसं असताना चाललं तर गवताची पाती मोडतात, म्हणून मॅनी कुणाला आत सोडत नसे. तोवर पत्र्याच्या खोलीत कॉफी. शरयूताई घरून तिळाच्या वड्या न्यायच्या, मॅनीची बायको क्रॅनबेरीचा ब्रेड पाठवायची. दोनदा बर्फाच्या वादळानं सगळं बंद पडलं, तेव्हा शरयूताई घरात पिंजऱ्यातल्या वाघिणीसारख्या येरझाऱ्या घालत होत्या, दारात अडत, पट्टी बघून सुटत.

फेब्रुवारीत हिमानी आली. पर्समध्ये फ्लोरिडाच्या दोन घरांचे कागद होते. शुक्रवारी तीही बरोबर आली आणि आईच्या बाजूनं चालत राहिली. पाचव्या होलला शरयूताई वळल्या. “तुझे बाबा कुठायत?”

एकनाथराव बरेच मागं राहिले होते, धापा टाकत, हातात दोन हरवलेले चेंडू.

“आई, यू आर फास्ट!” हिमानी हसत म्हणाली. मग पर्स खांद्यावर सरकवत, “ती फ्लोरिडाची घरं... मी काढत नाही आत्ता.”

“काढ की. बघू तरी. चित्रं बघायला काय होतं?” शरयूताई म्हणाल्या आणि पुढं निघाल्या. कागद काही त्या दिवशी बाहेर आले नाहीत.

एप्रिलमध्ये फिजिओनं शरयूताईंना नेहमीसारखं कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, वेळ मोजली, आणि म्हणाली, “ऑक्टोबरात होतात तिथंच आहात.” हात जास्त थरथरत होता, ते खरं. पण पाय जिथल्या तिथं होते. बाहेर गाडीत बसल्यावर एकनाथरावांनी चष्मा काढून पुसला आणि किल्ली लावायला जरा वेळ घेतला.

त्याच आठवड्यात घराजवळचा कोर्स उघडला. “चला,” एकनाथराव म्हणाले, “आता ते सव्वा सव्वा तासाचं ड्रायव्हिंग संपलं.”

“शुक्रवारचं संपलं,” शरयूताई म्हणाल्या. “मंगळवारी येणार म्हणून मी मॅनीला सांगून आलेय.”

“अगं, पण इथं दहा मिनिटांवर...”

“तुम्हाला कंटाळा आला असेल तर मी देवळातल्या रेणूला विचारते. ती चालवेल गाडी.”

एकनाथराव काहीतरी पुटपुटले. मग गॅरेजमध्ये गेले आणि पिशवीच्या गाडीच्या पुढच्या चाकात हवा भरू लागले.