गल्लीत उतरून चालायचं

गल्लीच्या तोंडाशी आले की आमच्या शेजारचे काका सायकलवरून उतरायचे. डोक्यावर हेल्मेट, हँडलला दुधाची पिशवी, आणि उरलेला रस्ता सायकल हातात धरून पायी. आमची गल्ली म्हणजे अमेरिकेत, फ्रिस्कोतला आठ-नऊ घरांचा, पुढे बंद होणारा रस्ता. दोन ट्रक शेजारून जातील एवढा रुंद. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा माझा नवरा पंप घेऊन धावला होता.

"पंक्चर नाही रे," काका म्हणाले. "गल्लीत बसून यायचं नसतं. लोक राहतात इथे."

लोक कुठले? संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे आलात तर गॅरेजची दारं वरखाली होताना दिसतील, माणूस दिसणार नाही. पण काका उतरायचेच.

ही सवय जावा बेटावरची. नोकरीने त्यांना काही वर्षं योग्याकार्ताला नेलं होतं. बरोबरीचे साहेब लोक बंगल्यांत राहिले, हे मात्र तिथल्या जुन्या वस्तीतल्या एका बोळात. बोळाच्या तोंडावर पाटी होती, इंजिन बंद करा आणि उतरा. प्रत्येक दारावर एक छोटा डबा टांगलेला. रोज त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे, रात्री गस्त घालणारे शेजारी ते गोळा करायचे, आणि ते वस्तीच्याच कामी यायचे.

"पण खरी गंमत तांदळात नाही," काका सांगायचे. "डबा रिकामा दिसला की सकाळी कुणीतरी दार वाजवतं. बरं नाही का, विचारतं."

काकू गेल्या आणि काका रिटायर झाले. त्यानंतर एकदा पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, पुण्यात दोन फ्लॅट असलेल्या आमच्या एका मित्राने त्यांना सहज विचारलं, "काका, पैसे कुठे इन्व्हेस्ट केलेत?"

"त्या बोळात घर घेतलंय. म्हणजे परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा केलाय."

काका तेव्हा सत्तरीला टेकलेले. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. मला तर ठसकाच लागला.

"सीरियसली, काका? रीसेल नाही, रेंट नाही. मग रिटर्न काय यार?" मित्र म्हणाला.

"मी," पुरणपोळीवर तूप ओतून घेत काका म्हणाले. "दरवर्षी मीच रिटर्न जातो ना."

आणि जायचेही. हळूहळू तिथलेच होऊन जायचं, एवढीच त्यांना आस होती. समोर बू राहायची. बू म्हणजे आपल्याकडची काकू. पहिल्यांदा तो बोळ सोडताना काकांनी, आपण निघताना म्हणतो तसं, 'येतो' म्हटलं, पण तिथल्या भाषेत शब्दाला शब्द लावून. आणि विमानात बसले. बू बिचारी रात्रीपर्यंत ताट झाकून बसली. पुढच्या खेपेला काकांना चांगली बोलणी खावी लागली.

"मग सरळ जातो म्हणायचं," मी म्हटलं.

काकांचं हसू मावळलं. "तसलं काही म्हणायचं नाही. कधीच नाही."

शेवटी त्यांनी बूलाच 'येतो' शिकवलं. तीही मग बाई असून 'येतो' म्हणू लागली.

इथेही त्यांनी दारावर डबा टांगला होता. सोसायटीची ताकीद आली तेव्हा तो ओट्याजवळ गेला. रोज संध्याकाळी, म्हणजे बूच्या सकाळी, ते तिला व्हिडिओ कॉल लावायचे आणि डब्यात चिमूटभर तांदूळ टाकून दाखवायचे. म्हाताऱ्या माणसांचा खेळ, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी मला परदेशातल्या अनोळखी नंबरवरून फोन आला. स्पॅम म्हणून दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तर बू. काकांनी कधीतरी माझा नंबर तिला देऊन ठेवला होता.

"काका नो कॉल," ती म्हणाली. "डबा नो राइस. प्लीज. यू नॉक."

मी खिडकीतून पाहिलं. काकांकडे दिवा होता, गाडी जागेवर होती. तरी गेले. दार वाजवलं, उघडेना. मागच्या दाराने आत शिरले तर काका ओट्याखाली पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. ॲम्ब्युलन्स बोलावली ती कशी, मला आठवत नाही. मी एका कुंपणापलीकडे राहते, आणि मला हे कळवलं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या बाईने.

काका वाचले, पण उजवं अंग गेलं. दूर उत्तरेकडच्या ईडन प्रेरी गावाहून त्यांचा मुलगा आला, इथेच जन्मलेला, भला मुलगा. "नो मोअर जावा, डॅड," तो बापाचा हात हातात घेऊन म्हणाला. "यू आर कमिंग होम विथ मी." त्याचं चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

निघायच्या दिवशी मुलाने गाडी अगदी दाराशी आणली. काकांनी डावा हात हलवून ती पुढे न्यायला लावली. ते गाडीत बसणार होते गल्लीच्या तोंडाशी. मी भाड्याने आणलेली व्हीलचेअर ढकलत नेली.

गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जातो."

जीभ वळत नसेल, असं मला वाटलं. "येतो म्हणा, काका."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि सावकाश, स्पष्ट म्हणाले, "जातो."

त्यांना जमिनीवर पडलेलं पाहूनही मी एवढी हादरले नव्हते. गाडी वळली तरी मी रिकामी खुर्ची धरून तिथेच उभी होते. मग कुणीतरी मागून हॉर्न दिला.

परवा सकाळी बूचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ होती. तिने कॅमेरा समोरच्या, काकांच्या तिथल्या घराच्या बंद दाराकडे वळवला. डबा तिथेच टांगलेला होता.

"काका?" तिने विचारलं.

काय सांगायचं आणि कुठल्या भाषेत, मला कळेना. आमच्या दोघींत धड असा एकच शब्द होता.

"येतो," मी म्हणाले.

बूने मान डोलावली, आणि त्यांच्या डब्यात आजचे तांदूळ टाकले.