नेच्याला लावलेलं खोबरेल

आज सकाळी खोबरेलाची बाटली उघडली आणि त्या वासासरशी इथल्या, आखातातल्या माहूज भागातल्या जुन्या फ्लॅटची बाथरूम डोळ्यांपुढे आली.

तिथल्या खिडकीत माझा नेचा असे, पक्ष्याच्या घरट्यासारखा गोल वाढणारा. एसीच्या हवेत पानं करपायची, म्हणून तो दमट बाथरूममध्ये ठेवलेला. नळाचं पाणी खारट, तेव्हा एसीतून ठिबकणारं पाणी धरून त्याला घालायचं, तेही कडेनं. मधोमध साचलं की गाभा कुजतो.

त्या वर्षी आई अकोल्याहून व्हिजिट व्हिसावर आली होती. एक दिवस ऑफिसातून आले, तर ती स्टुलावर बसून नेच्याच्या एकेका पानाला खोबरेल चोळत होती.

"आई, हे काय करून राहिली तू? तेलानं पानं गुदमरतात!"

"किती कोरडे पडले व हे पानं," ती म्हणाली. "म्हनलं, लावून द्यावं जरासं."

मी चिडून साबणाच्या पाण्यानं पानं पुसत बसले. ती बाटलीला झाकण लावून बाहेर गेली. ती पानं पुढं पिवळी पडली, मी कापली. गाभ्यातून नवी आली.

नेचा अजून आहे, आता जुफैरच्या नव्या घरात. आई नाही. तिनं नेच्याची पानं चोळली त्याच दिवशी सकाळी ती तेल घेऊन माझ्या लेकीमागे फिरली होती. "नो ऑइल, आजी," म्हणत लेक शाळेच्या बसकडे पळाली. मग आई मला म्हणाली, "तू तरी बस." मला मीटिंग होती.

आम्ही दोघी गेल्यावर घरात उरला होता, तो नेचाच.