ती लाजली नव्हती

मुलीनं दिलेलं ते पुस्तक मी आपण उघडतो तसंच उघडलं. पहिल्याच पानावर नायक-नायिका समुद्रकाठी हातात हात घालून उभे. पुढं वाचत जावं तसं दोघांचं बिनसत गेलं आणि मग तर ती एकमेकांना ओळखेनात. या लोकांचं डोकं वेगळंच चालतं, असं म्हणून मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात शेजारच्या भाभी लसूण मागायला आल्या. त्यांचं शिक्षण उर्दू शाळेत झालेलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि अगदी सहज दुसऱ्या बाजूनं उघडलं.

"ताई, उलटं वाचताय की तुम्ही. हे आमच्यासारखं हाय, उजवीकडनं."

भाभी लसूण घेऊन गेल्या आणि मी पुन्हा पहिल्यापासून बसले.

जपानी चित्रकथेच्या अशा पुस्तकाला मँगा म्हणतात, आणि तीच गोष्ट पडद्यावर आली की ॲनिमे. कार्टून म्हटलेलं आमच्या मुलीला खपत नाही. गोष्ट मात्र जुनी विलायती, प्रेमाची. नायिकेला बड्या घरचं स्थळ येतं. चहा चालू असताना तो तरुण सगळ्यांसमोर तिला लग्नाचं विचारतो. ती गप्प बसते. घरचे तो होकार धरतात आणि त्यातून सुटण्यात तिची कितीतरी वर्षं जातात. समुद्रकाठचा नायक वेगळा, तो फार उशिरा येतो.

चहाच्या या प्रसंगावरून आम्हा मायलेकींची ह्यांच्यादेखत रोज जुंपायची. ॲनिमेत तिचे गाल गुलाबी होतात, व्हायोलिन वाजतं आणि बंद खोलीत कुठून कोण जाणे फुलांच्या पाकळ्या पडतात. मला ते आवडलं होतं. मँगात त्या जागी एकही शब्द नाही. नुसता कप, खिडकी, आणि मग अख्खं पानभर तिचे पाय. बुटांची टोकं गालिच्यात रुतलेली, टाचा वर उचललेल्या.

"ॲनिमेत ती लाजलीय," मुलगी म्हणायची. "पुस्तकात ती घाबरलीय, तिला तोंडच उघडता येत न्हाय. एवढंबी कळंना व्हय? ड्रॉइंग टीचर हाईस की तू!"

आता मी शाळेत चित्रकला शिकवते हे खरं. पाय काढायला जमले नाहीत की आमची पोरं गवत काढून झाकतात, हेही मला ठाऊक आहे. या चित्रकारानं पाय झाकले नव्हते, एवढं मी कबूल केलं. पण ॲनिमेच सरस, हे मी ठणकावून सांगितलं. पोटच्या पोरीपुढंसुद्धा हार मानणं मला जमत नाही.

त्याच आठवड्यात तिला बघायला बिद्रीकडचे पाहुणे येणार होते. स्थळात खोट काढायला जागा नव्हती. घरचा ऊस, घरची जनावरं, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला. आमच्या ह्यांना तर पाहण्याआधीच पसंत. मुलीला विचारलं की ती म्हणायची, "बघू." त्या "बघू"चा अर्थ आम्ही "हो" असाच लावून टाकला होता. तसा तो लावणं सोयीचं होतं.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला. मुलगी साडी नेसून खुर्चीत बसली होती. मुलगा सज्जन वाटला, आदबीनं बोलत होता. मग त्याच्या चुलत्यांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "काय बाळ, पसंत हाय न्हवं?"

ती गप्प. मान खाली.

"लाजली पोर!" चुलते मोठ्यानं हसले. "व्हयच म्हनायचं की हो पावणं!"

सगळे हसले. ह्यांनी पेढ्यांचा पुडा सोडायला घेतला. पेढे फिरले असते तर बोलणी पक्की झाली असती. आमच्याकडं तोंड गोड केल्यावर कुणी शब्द फिरवत नाही. मी रिकामे कप उचलायला वाकले आणि मला मुलीचे पाय दिसले. अंगठे सतरंजीत रुतलेले, टाचा वर.

"थांबा जरा," मी म्हणाले. "ती लाजलेली न्हाय."

ह्यांचा हात पुड्यावर तसाच राहिला. मी कप खाली ठेवले आणि मुलीला म्हटलं, "तुझ्या तोंडानं सांग. काय असंल ते सांग. मी हाय हितं."

तिनं मान वर केली. "न्हाय," ती म्हणाली, आणि मग त्या मुलाकडं बघून, "तुमचं काय चुकलं न्हाय. मला आत्ता लग्नच नको हाय."

मुलगा म्हणाला, "बरं झालं, सांगितलंत ते." चुलते मात्र फणकारले. बोलवून घेऊन अपमान केला म्हणाले. मला वाईट वाटलं, कारण माणसं वाईट नव्हती. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. पाहुणे गेल्यावर मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली आणि मीही रडले. मग डोळे पुसत ती म्हणाली, "म्हंजे मँगाच भारी, मान्य?" मान्य करावंच लागलं.

हे संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. मी भांडी लावत होते तेव्हा हे उरलेल्या पोह्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आपल्या टायमाला," ते म्हणाले, "तूबी गप्पच हुतीस की."

"हुतो की," मी म्हटलं.

"लाजून?"

मी आठवायला गेले. मला माझा चहाचा ट्रे आठवला, सासऱ्यांचा फेटा आठवला. मी कशानं गप्प होते ते काही आठवेना. मला त्या दिवशी कुणी नीट विचारलंच नव्हतं, त्यामुळं उत्तर काय होतं ते मीही कधी शोधलं नव्हतं. ते मी त्यांना तसंच सांगून टाकलं.

त्यांनी ताटली ओट्यावर ठेवली.

"मग आता इचारतो," ते म्हणाले. "पसंत हाय का न्हाय?"

विचारताना त्यांची नजर खाली, माझ्या पायांकडं होती.

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "हितं वर बघा," मी म्हटलं. त्यांनी वर बघितल्यावर मग सांगितलं, "व्हय."